रागावा, खरं जेवून रागावा

या वेळी पत्रं तीनच घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं, त्यामुळे बाकीच्यांनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा. पत्रं थोडी आखडती केली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न : आदरणीय बाई, सलाम. आमचं घर बेळगावच्या वडगावात. घरात दोन माग होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये बळ्ळारी नाल्याचं पाणी शिरलं, मागची भिंत पडली, माग तीन दिवस पाण्यात राहिले. कर्ज काढून एक माग उभा केला, तोवर लॉकडाऊन लागला. 2021 च्या मे महिन्यात आमचे हे गेले. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. पुढं मंडळीत एक पाहुणे उपदेशक आले होते. ते घरी प्रार्थनेला आले आणि म्हणाले, या घरात काहीतरी पाप लपलंय, ते कबूल केल्याशिवाय आशीर्वाद यायचा नाही. मी एकवीस दिवस उपवास केला, खरं काय कबूल करायचं तेच सापडेना. तेव्हापासून उपासनेला जाणं सुटलं. गुडघे टेकले की शब्द येत नाहीत, रागच येतो. देवावर रागावणं पाप आहे का? मी विश्वासातून पडले का? – एक बहीण, वडगाव

उत्तर : ताई, सलाम. आधी त्या उपदेशकांचं निस्तरू, मग तुमच्याकडे वळू.

लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाच्या बुरुजाची गोष्ट आहे. तो बुरूज पडून 18 माणसं मेली होती. गावात कुजबुज होती तीच, जी तुमच्या घरात बसून त्या पाहुण्यांनी केली. येशूनं विचारलं, यरुशलेमेत राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा ही माणसं जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हाला? आणि उत्तरही त्यानंच दिलं : नाही. पुढं तो पश्चात्तापाचं बोलतो हे मला माहीत आहे, आणि त्या पाहुण्यांनाही ते पाठ असेल. खरं ते तो सुखरूप उभं राहून बघणाऱ्यांना म्हणतो, ढिगाऱ्याखालच्यांना नव्हे.

तुमची भिंत पडली, कारण मातीच्या भिंतीच्या बुडात पाणी मुरलं की ती उभी राहत नाही. त्या आठवड्यात वडगाव-शहापुरात भिंती पडल्या, गोकाकात पडल्या, कृष्णाकाठी पडल्या. ज्यांच्या पडल्या त्यात रोज मारुतीला जाणारे होते, नमाज पढणारे होते, रविवार न चुकवणारे आपलेही होते. एवढ्या सगळ्या घरांतलं पाप शोधत फिरायचं म्हटलं तर उपदेशकांना उभ्या जन्मात दुसरं काम उरणार नाही.

ईयोबाचे मित्र आठवा, ज्याची मुलंबाळं, मालमत्ता सगळं गेलं त्या भल्या माणसाचे. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, कुणी एक शब्द बोललं नाही. साऱ्या पुस्तकात त्यांनी केलेलं चांगलं काम एवढंच. मग त्यांनी तोंड उघडलं, आणि पुढचे कितीतरी अध्याय ते देवाची बाजू मांडत राहिले : देव न्यायी आहे, तेव्हा तुझंच काहीतरी चुकलं असणार. शेवटी देव बोलतो तेव्हा म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. कोण ईयोब? जो जन्माच्या दिवसाला शाप देत होता, देवाला कोर्टात खेचायला निघाला होता, तो. तेव्हा रागाविषयी विचारलंत त्याचं उत्तर निम्मं तिथंच मिळालं.

उरलेलं निम्मं माझ्या घरचं आहे. ते मी या पानावर आजवर लिहिलं नव्हतं.

मी नर्स. शिक्षण मिरजेला झालं, डॉ. वॉन्लेस यांनी सुरू केलेल्या दवाखान्यात. 1986 साली आम्ही खानापुरात होतो, हे तिथं पाळक होते. आमचा मधला मुलगा सात वर्षांचा. ऐन पावसाळ्यात त्याला ताप चढला. चौथ्या दिवशी तो मान वाकवताना कण्हला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी म्हटलं, रात्र जाऊ दे, पाऊस थांबू दे. बेळगाव तिथून पंचवीस-सव्वीस किलोमीटर. सकाळी निघालो तोवर त्याला झटके सुरू झाले होते. नर्स असून मी एक रात्र घालवली. ती रात्र मी अजून मोजते.

मातीच्या दिवशी मंडळीतल्या एका बाईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, ‘देवाला आपल्या बागेत फूल हवं होतं.’ मी काही बोलले नाही. पुढं त्या बाईंच्या घरचा चहा मात्र कधी प्यायले नाही. (त्या आता प्रभूकडे गेल्या. वर भेट झाली की बघू.)

त्यानंतर अकरा महिने मी चर्चमध्ये गायले नाही. पाळकाची बायको पुढच्या बाकावर बसते अशी रीत. मी शेवटच्या बाकावर बसायची, ‘उपासना संगीत’ मांडीवर, मिटलेलं. हे समोर उभे राहून शास्त्रपाठ वाचायचे, माझ्याकडे बघायचं टाळायचे. घरी आल्यावर आम्ही दोघंही त्यावर बोलत नसू.

आमच्या परसाला लागून कुंभाराचं घर होतं. खानापूरची माती कौलांना, भांड्यांना नावाजलेली. त्या घरात एक म्हातारी होती. देव्हाऱ्यात तिच्या खंडोबाचा टाक. आमच्या देवाशी तिचा काही संबंध नव्हता. ती रोज दिवेलागणीला मागच्या दारानं यायची. फडक्यात दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीत पिठलं, नाहीतर आमटी. हाताच्या रेघांत माती बसलेली, ती कितीही धुतली तरी जात नसे. भाकरीच्या कडेला तिच्या अंगठ्याचा ठसा उमटलेला असायचा, पापुद्र्यावर तो थोडा करपलेला. पंधरा-वीस दिवस ती एक अक्षर बोलली नाही. ठेवायची, थोडा वेळ उंबऱ्यावर टेकायची, आदल्या दिवशीची वाटी घेऊन जायची. एकदा मी भाकरी तिच्याकडेच सरकवली. म्हटलं, ज्या देवानं माझं पोर नेलं त्याचं दिलेलं खाऊ कशाला? तिनं ती परत माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाली,

‘रागावा की ओ बाई. खरं जेवून रागावा.’

लांबच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या बेळगाव भागात ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणतात. ‘येतो म्हणाला, खरं आला नाही.’ पुण्याचे पाहुणे यात गोंधळतात. आला नाही तर त्यात खरं काय, म्हणतात.

पुढं बऱ्याच दिवसांनी 1 राजेच्या एकोणिसाव्या अध्यायापाशी आले, तेव्हा मला ती म्हातारी दिसली. एलीया रानात झुडपाखाली बसून मरण मागतोय. देवदूत येतो. तो उपदेश करत नाही, ‘संदेष्टा असून असं बोलतोस?’ म्हणत नाही. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो आणि परत आडवा होतो. देवदूत त्याला दुसऱ्यांदा उठवतो, तेही खाण्यासाठीच. होरेब डोंगराची चाळीस दिवसांची वाट त्यानंतर. तेव्हा ताई, तुमचा उपवास आजपासून बंद. हे मी नर्स म्हणून सांगते आणि विश्वासणारी म्हणूनही.

आता तेरावं स्तोत्र काढा. लहान आहे, सहाच वचनं. त्यात दावीद देवाला चार वेळा ‘कोठवर’ विचारतो. कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, मी कोठवर झुरू, शत्रू कोठवर माजणार. मग पाचव्या वचनाच्या तोंडाशी, मूळ हिब्रूत, एक बारकं ‘पण’ आहे. आपल्या बोलीत वाचायचं तर : खरं, मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवलाय. मी या स्तोत्राला कितीतरी वर्षं चिकटून आहे, आणि त्या ‘खरं’पर्यंत दर वेळी पोचतेच असं नाही. काही दिवस दुसऱ्याच ‘कोठवर’ला पुस्तक मिटते. तुम्ही तिसऱ्यावर असाल तर तिसऱ्यावर थांबा. कुणी पाठीमागून ढकलत असेल तर त्याला माझं नाव सांगा. आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर शेवटपर्यंत उजाडतच नाही, शेवटच्या ओळीत अंधारच उरतो. ज्यांनी दीडशे स्तोत्रं एकत्र ठेवली त्यांनी ते गाळलं नाही. देवळात म्हणायच्या पुस्तकात त्यालाही जागा दिली.

विश्वासातून पडलात का, याचं उत्तर मार्कच्या नवव्या अध्यायातल्या त्या बापाला विचारा. झटके येणारं पोर घेऊन आलेला बाप. एकाच दमात म्हणतो की माझा विश्वास आहे आणि माझा अविश्वास घालवा. येशूनं त्याला ‘आधी एक काय ते ठरवून ये’ म्हणून परत पाठवलं नाही. त्याचा मुलगा बरा झाला. माझा झाला नाही. हे वाक्य लिहायला मला आजही वेळ लागतो. का झाला नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि कुणी ते द्यायला लागलं की मी उठून स्वयंपाकघरात जाते. लाजाराच्या घरी येशू चौथ्या दिवशी पोचला तेव्हा मार्था गावाबाहेर जाऊन त्याला म्हणाली, तुम्ही इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. हीच तुमची तक्रार. त्यानं तिला गप्प केलं नाही. पुनरुत्थानाविषयी बोलला, आणि लाजाराला उठवणार हे ठाऊक असूनही थोड्या वेळानं स्वतः रडला. माझा पोरगा मला परत भेटेल हे मी मानते. दर ईस्टरला पहाटे मेणबत्ती घेऊन कबरस्तानात जाते ती त्यासाठीच. त्या अकरा महिन्यांतही ती एक पहाट मी चुकवली नव्हती, गात नव्हते तरी. गायला परत कधी लागले ते आठवत नाही. एका रविवारी बघते तर गात होते.

पंडिता रमाबाईंचं एवढ्यासाठी सांगते की पवित्र शास्त्र मराठीत आणण्यापायी त्या बाईनं आयुष्याची शेवटची वर्षं घातली. जन्म आपल्या कर्नाटकातला, गंगामूळच्या रानातला, 1858 चा. आई, वडील, बहीण दुष्काळाच्या फिरतीत गेली. नवरा 1882 साली गेला, पदरात तान्ही मनोरमा. मग 1896-97 चा दुष्काळ पडला, तर ही बाई उठून मध्य प्रांतात गेली आणि तिथल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आली. दुष्काळानं स्वतःचं घर रिकामं केलेलं असताना दुष्काळातच परत जायचं, हे मला आजही पेलत नाही. 1921 ला मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 ला रमाबाई. त्यांचं संपूर्ण बायबल 1924 साली छापून बाहेर आलं. हिब्रूतला शब्द न् शब्द मराठीत आणताना त्या विलापगीतातूनही गेल्या असणार, ईयोबातूनही. त्यांनी ती पानं कशी पार केली असतील, हे पुष्कळदा माझ्या मनात येतं.

आता कामाचं. नाडकचेरीत विधवा पेन्शनचा अर्ज केलात का? नसेल तर ह्यांच्या मृत्यूचा दाखला, आधार, रेशन कार्ड आणि बँकेचं पासबुक घेऊन या आठवड्यात जा. रविवारची गर्दी नको वाटत असेल तर आठवड्यातल्या प्रार्थनेला जा, शेवटच्या बाकावर बसा, गाऊ नका. आणि मंडळीतल्या दोन बायकांना, ज्यांचं तोंड कमी चालतं अशा दोघींना, सरळ सांगा की संध्याकाळी येऊन बसत जा.

वडगावच्या मंडळीत हा अंक जातो हे मला माहीत आहे. तेव्हा बाकीच्यांनी समजून घ्यावं. डबा घेऊन जा. शास्त्र घरी ठेवून गेलात तरी चालेल.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला. आमच्या मंडळीला आता कन्नड पाळक मिळालेत, उपासना कन्नडमध्ये होते. गेल्या महिन्यात आई वारली. माती देताना सगळं कन्नडमध्ये झालं. मला कन्नड चांगलं येतं, शाळा कन्नडच झाली. खरं मला रडू आलं नाही, सगळं दुसऱ्याच कुणाचं चाललंय असं वाटलं. माझ्या भक्तीत कमी आहे का?

उत्तर : नाही बाबा. वधस्तंभावर येशू बाविसाव्या स्तोत्रातलं ‘माझ्या देवा, माझ्या देवा’ ओरडला. ते स्तोत्र हिब्रूतलं. मार्कनं त्याचे शब्द जसेच्या तसे ठेवलेत : एलोई, एलोई, लमा सबखथनी. हे अरामी आहे, त्याच्या घरची बोली, जिच्यात मरिया त्याला जेवायला हाक मारत असेल. जीव जातानाची हाक त्यानं घरच्याच भाषेत मारली, तर तुला आईसाठी मराठीतच रडू येतं यात नवल ते काय.

सीमाप्रश्न मी इथं काढत नाही. तो 1956 पासून चाललाय, त्याला वेगळी पानं लागतात. एवढंच सांगते की देवाला मराठीची सवय जुनी आहे. थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं गोव्यात बसून मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं, ते 1616 साली छापलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या. आणि देवाला कन्नडचीही तितकीच सवय आहे, हेही विसरू नकोस. घरी आईच्या आठवणीची प्रार्थना ठेव. तिला आवडायची ती मराठी गीतं म्हणा. पाळकांना बोलव, त्यांना म्हणावं एक प्रार्थना तुमच्या भाषेत करा. तेही कुठून तरी लांबून आलेत आणि त्यांनाही या गावात कुणी फारसं चहाला बोलावत नसेल.

प्रश्न : मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला आहे, वय 28. टीबी निघाला. तीन महिने गोळ्या घेतल्या, खोकला थांबला. एका प्रार्थनासभेत माझ्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. तिथं सांगितलं की तू बरा झालास, आता गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. दहा दिवस झाले, गोळ्या बंद केल्यात. आई रडते. देवाशी विश्वासू राहायचं तर मी काय करू?

उत्तर : गोळ्या सुरू कर. हा अंक खाली ठेव आणि उद्या सकाळी आरोग्य केंद्रात जा. दहा दिवस चुकलेत ते लपवू नकोस, तिथं स्पष्ट सांग. पुढं कसं घ्यायचं ते ते ठरवतील. स्वतःच्या मनानं दोन दिवसांच्या गोळ्या एकदम गिळू नकोस.

खोकला थांबणं म्हणजे बरं होणं नव्हे. साध्या टीबीला सहा महिने औषध लागतं. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक जंतू मरतात, माणसाला भूक लागते, अंग धरतं, आणि नेमका तिथंच तो गोळ्या सोडतो. उरलेले थोडे जंतू चिवट असतात. अर्धवट औषधानं ते त्या औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग होणारा टीबी जास्त दिवसांचा, जास्त जड औषधांचा असतो. तोच टीबी तू घरी आईला देशील. मी वॉर्डात असे परत आलेले पुष्कळ बघितले. गोळ्यांनी लघवी केशरी होते, त्याला घाबरू नकोस. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ.

शास्त्राचं म्हणशील तर हिज्कीया राजा मरायला टेकला होता. देवानं त्याची प्रार्थना ऐकली, आयुष्याची पंधरा वर्षं वाढवली, आणि तरीही यशया संदेष्ट्यानं गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितलं. पौलानं तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला लिहिलं. लूक तर वैद्यच होता. आणि दहा कुष्ठरोग्यांना येशूनं काय सांगितलं? जाऊन याजकाला दाखवा. बरं झालं की नाही हे तपासायचं काम तेव्हा याजकाचं होतं. आता ते थुंकीच्या तपासणीचं आहे. सभेत हात ठेवणाऱ्यांनी प्रार्थना जरूर करावी, मीही करते. थुंकीचा रिपोर्ट देणं हे त्यांचं काम नव्हे.

सरकारकडून पोषणासाठी महिन्याला 1,000 रुपये मिळतात, खात्यात येतात का बघ. त्यातून अंडी, शेंगदाणे, डाळ घे. वखारीत तोंडाला फडकं बांध आणि बिडी ओढत असशील तर सोड. रोजची गोळी आईच्या समोर घे, तेवढंच तिचं रडणं थांबेल.

पुढच्या पत्रात वजन किती भरलं ते कळव.